तीन एमएल

"मॅडम, आपके मेथड में पीक खिसक रहा है."

फोन बद्दीच्या एका कारखान्यातून होता. नंबर ओळखीचा नव्हता. आवाजावरून मुलगा पंचविशीच्या आतबाहेरचा असावा. त्याच्या मागून एचपीएलसी या विश्लेषण यंत्राच्या पंपाची संथ टिकटिक ऐकू येत होती. ती मी नऊ वर्षं रोज ऐकलेली आहे. गॅस बंद करून मी विचारलं, मोबाइल फेजचा पीएच किती ठेवलास? "चार पॉइंट दो," तो म्हणाला.

तिथेच गडबड होती. मेलॉक्सिकॅमचा पीकेए चारच्या किंचित वर आहे. बफर त्याच्याच आसपास ठेवला तर पीएच मीटरवरचा बारीक फरकसुद्धा रेणूचं रूप बदलून टाकतो, आणि आज साडेसहा मिनिटांना आलेला पीक उद्या आठला येतो. माझ्या पेपरात पीएच तीन छापलेला आहे. त्याच्याकडे होती झेरॉक्सची झेरॉक्स, कुणा जुन्या सिनियरच्या फायलीत सापडलेली. त्यात तो आकडा पुसट झाला होता, म्हणून त्याने अंदाजाने चार पॉइंट दोन धरलं. मी म्हटलं, ऑर्थोफॉस्फोरिक ॲसिड टाकून तीनवर आण, कॉलमला अर्धा तास नवं बफर पिऊ दे, मग सिस्टिम सूटॅबिलिटीची चाचणी लाव. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर क्रोमॅटोग्रामचा फोटो आला. मेलॉक्सिकॅमचा उंच सुळका आणि त्याच्या बराच आधी, अगदी तळरेषेवर, अमिनोथायाझोलचा इवलासा उंचवटा, स्वच्छ सुटा. औषध मोडायला लागलं की आधी हाच उंचवटा वाढतो. त्याच्याकडे लक्ष ठेवता यावं एवढ्यासाठी मी ती मेथड बसवली होती.

गुरांना टोचायच्या मेलॉक्सिकॅम इंजेक्शनची ती मेथड. त्या मुलाच्या लॅबमध्ये प्रत्येक बॅच तिच्यावर तपासून बाहेर पडते. स्कोपसमध्ये त्या पेपरला नऊ सायटेशन आहेत. मुलाच्या फोनमुळे दहावं होणार नाही, कारण कारखान्यातली माणसं पेपर लिहीत नाहीत. बॅच रेकॉर्ड लिहितात, आणि ते कुलुपात असतं.

मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलची. नागपुरातून बी.फार्म. केलं आणि मोहालीच्या निपर या राष्ट्रीय औषधशास्त्र संस्थेत एम.एस.ला आले. निपर तेव्हा नवी होती, तिचा कायदा १९९८चा. आमची बॅच सुरुवातीच्यांपैकी एक. पुढे हिमाचलला करसवलत मिळाली, २००३ साली. बद्दी, बरोटीवाला, नालागढ या पट्ट्यात बघता बघता औषध कारखान्यांची रांग लागली. २००४ला मला तिथे ॲनॅलिटिकल आरअँडडीत नोकरी मिळाली. बद्दीत खोलीला भाडं चढं आणि पाण्याची ओढ, म्हणून हरयाणाच्या हद्दीत पिंजौरला घर घेतलं. मुघल बागेमुळे लोकांना पिंजौर ठाऊक असतं. आम्हाला ते ठाऊक होतं एचएमटीच्या ट्रॅक्टर कारखान्याच्या भोंग्यामुळे आणि सकाळी बद्दीकडे तुंबणाऱ्या ट्रकांमुळे. नऊ वर्षं मी त्या रस्त्याने गेले-आले. मग पीएच.डी. पुरी केली आणि जवळच्याच एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागले.

कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा मला कळलं की माझ्या कामाला आकडा असतो. कारखान्यात कुणी तो विचारला नव्हता. तिथे एकच सवाल, बॅच पास की फेल. इथे दर वर्षी मे महिन्यात एक एक्सेल शीट फिरते. पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती. एच-इंडेक्स ही होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेली मोजणी. तुमचे अकरा पेपर प्रत्येकी अकरा किंवा जास्त वेळा उल्लेखले गेले की तुमचा आकडा अकरा. मोजणी सुटसुटीत आहे, आणि भौतिकशास्त्रात एकमेकांचं काम वाचणारे सगळेच पेपर लिहिणारे असतील तर ती बऱ्यापैकी खरंही सांगत असेल. आमच्या शास्त्राचं तसं नाही. औषधाच्या विश्लेषणावर कुणी काही लिहिलं, तर त्याचे खरे वाचक कारखान्यातल्या क्वालिटी कंट्रोलच्या टेबलावर बसलेले असतात. ते वाचतात, वापरतात आणि पुढच्या सँपलकडे वळतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मी रोज पाहिलं आहे. निपरच्या आमच्याच विभागातल्या मोनिका बक्षी आणि प्रा. सरनजित सिंग यांचा २००२चा लेख, औषध मुद्दाम बिघडवून त्याची स्थिरता मोजणारी मेथड कशी बसवायची यावरचा. ॲसिडमध्ये किती तास, अल्कलीत किती, पेरॉक्साइड किती टक्के, उजेडात किती, सगळं क्रमाने मांडलेलं. त्याला सायटेशन भरपूर आहेत, त्या बाबतीत त्याच्यावर अन्याय झालेला नाही. पण बद्दीत मी ज्या लॅबमध्ये गेले, तिथे तो लेख किंवा त्यातलं टेबल कुठे ना कुठे होतंच. फ्यूम हूडच्या काचेला चिकटवलेलं, ॲसिडच्या थेंबांनी पिवळं पडलेलं. त्या टेबलाने किती औषधं वेळेत पकडली, त्याची नोंद कुठल्याही डेटाबेसात नाही.

माझ्या बढतीच्या वेळी समितीत माझा एच-इंडेक्स कमी पडला. मी कॉलेजचं नाव घेत नाही, सगळीकडे तेच चालतं. एका सहकाऱ्याने मोकळेपणाने उपाय सुचवला. आम्ही पाच जण आहोत, प्रत्येकाच्या पेपरात उरलेल्या चौघांचे दोन-दोन संदर्भ टाकायचे, दोन वर्षांत सगळ्यांचे आकडे वर. मी नाही म्हटलं. बढती लांबली आणि मला ते फार लागलं.

पण मी धुतल्या तांदळासारखी होते असंही नाही. त्याआधी एकाच औषधाच्या एकाच अभ्यासाचे मी तीन तुकडे करून तीन पेपर केले होते. ॲसिड-अल्कलीचा एक, उजेडाचा एक, गोळीचा एक. एकत्र वाचले असते तर कुणाच्या तरी उपयोगाला आले असते. तुकड्यांत ते कुणाच्याच कामाचे राहिले नाहीत. त्यातला एक ज्या जर्नलात गेला, ते पुढे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीतून उडालं. त्या यादीची चिरफाड पुण्यात झाली होती. प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं की विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या जर्नलांपैकी त्यांनी तपासलेल्या नमुन्यात ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट होती. तो लेख मी बसमध्ये वाचला आणि आपलं नाव कुणी वर्गात मोठ्याने पुकारावं तसं झालं.

आता बाबांविषयी लिहायला हवं.

बाबा मूल तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात होते, पशुधन पर्यवेक्षक. लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. सायकलला कातडी पिशवी, तिच्यात काचेची सिरिंज, उकळलेल्या सुया, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची तीस एमएलची बाटली. रबरी बुच, वर ॲल्युमिनियमचं सील. बाळंत झालेली गाय उठत नाही, बैलाचा खांदा सुजला, म्हैस चारा सोडून बसली, की बाबा ती बाटली उलटी धरून सुई खुपसायचे आणि बारा-पंधरा एमएल ओढायचे. तासा-दोन तासांत जनावर उभं राहायचं. मला त्या वयात ते जादूसारखं वाटे. मी औषधशास्त्राकडे वळले ती त्या बाटलीमुळे, हे मी कुठल्याच मुलाखतीत सांगितलेलं नाही.

गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती. मी लहान असताना तिथे गिधाडं इतकी असायची की पळसाच्या फांद्या वाकलेल्या दिसत. बैल सकाळी टाकला की दुपारपर्यंत पांढरी हाडं. मी बारावीला असताना तिथे कुत्री दिसायला लागली. वास येऊ लागला. गिधाडं कुठे गेली असं कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही.

विचारलं होतं एका माणसाने, भरतपूरला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश तिथे ऐंशीच्या दशकात घरटी मोजत होते, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेवर. १९९६-९७मध्ये परत मोजली तर निम्मीही नव्हती. झाडांवर माना टाकून बसलेली, मग खाली पडलेली. त्यांनी ते १९९९ साली सोसायटीच्याच जर्नलात छापलं, मुंबईहून निघणाऱ्या. आमच्या मे महिन्याच्या शीटमध्ये ते जर्नल भरलं असतं तर समितीत कुणाची भुवईही वर गेली नसती. पण पुढचं सगळं त्या मोजणीवर उभं राहिलं. जगभरच्या लोकांना पहिल्यांदा कळलं की हिंदुस्थानातलं आकाश रिकामं होतंय.

कारण सापडलं २००४ साली, पाकिस्तानात. लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी विषाणू शोधले, कीटकनाशकं शोधली, जड धातू शोधले. काही मिळेना. मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्या-काळजावर खडूसारखी पांढरी पूड होती, युरिक ॲसिडची. मूत्रपिंडं बसली होती. तेव्हा त्यांनी साधी गोष्ट केली. गुरांच्या डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदारांना जाऊन विचारलं, मूत्रपिंडाला बाधेल असं काय विकता? उत्तर आलं डायक्लोफेनॅक. मग जपून ठेवलेले नमुने तपासले. पांढरी पूड असलेल्या २५ पक्ष्यांपैकी पंचविसांत डायक्लोफेनॅक सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत एकातही नाही. मी विश्लेषक आहे. आमच्या आयुष्यात असा निकाल येत नाही. नेहमी तेवीस येतात, आणि तेरातल्या दोघांत काहीतरी दिसतं, मग आम्ही सांख्यिकीच्या मागे धावतो. पंचवीसपैकी पंचवीस, तेरापैकी शून्य. तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बद्दीच्या लॅबमध्ये रात्रपाळीला होते, आणि शेजारच्या मशीनवर डायक्लोफेनॅकच्याच सोडियम मिठाची तपासणी चालू होती.

'नेचर'मधल्या त्या पेपराला आज हजाराहून जास्त सायटेशन आहेत. पण मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या पुढच्या तारखा. मे २००६मध्ये भारत सरकारने गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक बनवायची परवानगी काढून घ्यायला सांगितलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. बंदी आणि पर्याय असे हातात हात घालून आले. नुसती बंदी आली असती तर बाबांच्या हातातली सिरिंज थांबली नसती, कारण समोर गाय पडलेली असते.

बाबांना 'नेचर' कधी दिसलं नाही. त्यांच्यापर्यंत तो पेपर आला तो जिल्हा परिषदेच्या सायक्लोस्टाइल परिपत्रकाच्या रूपाने, ढोबळ मराठीत, की अमुक औषध वापरू नये, त्याऐवजी तमुक. त्यांनी उरलेल्या दोन बाटल्या परसात ओतल्या आणि मेलॉक्सिकॅम मागवलं. त्यांच्या दवाखान्यात तो पेपर अमलात आला तो त्या दिवशी.

पण गावात नुसते बाबा नव्हते. पिशवी घेऊन फिरणारे आणखी तिघे-चौघे होते, आणि माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद नव्हतं. तेही तीस एमएलच्या बाटलीत मिळत होतं. इथे थोडा हिशोब करू द्या, कारण हा माझा प्रांत आहे. माणसाला एका वेळी ७५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे तीन एमएल. माणसाचा दंड धरून कुणी तीस एमएल टोचत नाही. तीनशे किलोच्या गायीला किलोमागे एक मिलिग्रॅम धरलं तरी ३०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे बारा एमएल. तीसच्या बाटलीत गायीचे अडीच डोस बसतात. ती बाटली माणसाच्या नावाने निघायची आणि गोठ्यात जायची, हे ती भरणाऱ्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मी स्वतः भरणाऱ्यांच्या बाजूला बसले होते. आमच्या लायनीवर तीस एमएलची व्हायल चालायची आणि मी तिचे निकाल सही करून सोडायचे. आकडे स्पेसिफिकेशनमध्ये, सगळं नियमात.

जुलै २०१५मध्ये आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली की माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक इंजेक्शन तीन एमएलच्या, एका डोसच्या पॅकमध्येच विकायचं. काही कंपन्या कोर्टात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ला अधिसूचना उचलून धरली. गायीला आता चार अँप्युल फोडाव्या लागणार, चारदा ओढावं लागणार, आणि खर्चही वाढणार. त्या एका ओळीच्या नियमाला सायटेशन नाही, एच-इंडेक्स नाही. औषधनिर्मितीतली इतकी नेमकी उपाययोजना मी दुसरी पाहिलेली नाही.

मी राहते त्या पिंजौरच्या बाहेर, बीड शिकारगाहच्या जंगलात, गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. २००१ला आजारी पक्ष्यांसाठी सुरू झालं, २००४ला त्याचं प्रजनन केंद्र झालं. हरयाणाचा वनविभाग आणि मुंबईची तीच सोसायटी मिळून ते चालवतात, आणि भरतपूरला घरटी मोजणारे विभू प्रकाशच ते अनेक वर्षं सांभाळत होते. इतकी वर्षं मी त्या फाट्यावरून जात होते आणि मला वाटायचं, जंगलखात्याचं काहीतरी असेल. आत कुणालाही सोडत नाहीत, तेही बरोबरच आहे. पण तिथे काम केलेल्या एकाकडून मला एक गोष्ट कळली, आणि मी बराच वेळ तीच धरून बसले. गिधाडांना बकऱ्याचं मांस देतात. बकरा आणला की लगेच कापत नाहीत. आठवडाभर आपल्या आवारात ठेवतात, म्हणजे आधी कुणी त्याला काही टोचलं असेल तर ते अंगातून उतरून जावं. आमच्या भाषेत वॉशआउट. बाजारातल्या कुठल्याच जनावराच्या रक्तावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून तिथले लोक प्रत्येक जेवणाआधी सात दिवस थांबतात. आणि मादी अंडं घालते वर्षाला एक. पहिलं काढून यंत्रात उबवलं तर कधीकधी दुसरं मिळतं.

२०२४मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा पेपर आला. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. सडणारी जनावरं, कुत्री, रेबीज, घाण झालेलं पाणी. मी बाबांना फोनवर हे सांगितलं आणि लगेच वाटलं, सांगायला नको होतं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई, मी किती जनावरांना देलं असन?"

मला याचं उत्तर ठाऊक होतं, म्हणजे त्याच्या जवळपासचं. गिधाडं ज्या वेगाने संपली त्याला दर १३० ते ७६० मेलेल्या जनावरांमागे एकात औषध असणं पुरेसं होतं, असं गणित २००४मध्येच मांडलेलं आहे. मी ते त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. "सांगतलं तवा थांबलो," ते म्हणाले.

त्याआधी, जानेवारी २०२४मध्ये, पिंजौरच्या केंद्रातली वीस गिधाडं महाराष्ट्रात गेली, दहा पेंचला आणि दहा ताडोबाला. ताडोबातली बोटेझरीला, कोळसा परिक्षेत्रात, आमच्या मूलपासून फार लांब नाही. बातमी वाचली तेव्हा मी मे महिन्याची शीट जानेवारीतच भरत होते, त्या वर्षी कॉलेजला रँकिंगसाठी लवकर हवी होती. एच-इंडेक्स चौदा. मी फोन उचलला आणि बाबांना सांगितलं की इथली गिधाडं तुमच्याकडे येताहेत. त्यांनी दोनदा विचारलं, पिंजौरहून? तुझ्या पिंजौरहून?

मग ते म्हणाले, आधी पिंजऱ्यात ठेवतील, मग सोडतील ना? सोडल्यावर खातील काय? मी म्हटलं, जंगलातलं, गावाकडचंही. ते गप्प झाले.

संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांचाच फोन आला. मागे रहदारी होती. बाबा पंचाहत्तरीला आले होते, गुडघ्यांमुळे घराबाहेर फार पडत नव्हते. मी घाबरले. ते मूलच्या बाजारात होते, मेडिकलच्या दुकानात. काउंटरवरच्या पोराला त्यांनी माणसाचं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दाखवायला लावलं होतं आणि चष्मा वर करून त्यावरचं बारीक अक्षर वाचत होते.

"तीन एमएलची हाय, बाई," ते म्हणाले. "मोठी मागतली. नाही म्हणते तो. येतच नाही म्हणते."